गाणं कुठे चावतं

मिसेस पिनॉकबाईंनी आमच्या स्पीकरसमोर आवाज मोजायचं यंत्र धरलं, आकडा बघितला आणि म्हणाल्या, "रेगे नको. बेस फार आहे. अशा लोकांना त्रास होईल. पियानोचं काहीतरी हळू लावा."

तळपायाची आग मस्तकात गेली माझी. अशा लोकांना! 'अशी' माझी केटुरा तिथेच समोर बसली होती आणि बाईंनी तिला साधं नावही विचारलं नव्हतं. तीस वर्षं मी जमैकातल्या या मे पेन गावातल्या अंगणांत आणि मैदानांत रेकॉर्डी लावतेय. कपाटाएवढे स्पीकर ट्रकवरून स्वतः उतरवलेत, पुरुषांची थट्टा ऐकत. आणि ही बाई यंत्र घेऊन येते नि मला सांगते, बेस काढा. बेसचा तो खालून घुमणारा ठोका काढल्यावर रेगेत उरतं काय? पत्र्याचा डबा!

"बाई," मी म्हटलं, "तुमच्या त्या यंत्राला कान आहेत का हो?"

"मम्मी, तू गप्प बस," केटुरा म्हणाली.

केटुरा सव्वीस वर्षांची. जन्मापासून तिला काही आवाज सोसत नाहीत. बशीवर चमचा घासला तरी अंगावर उकळतं पाणी पडल्यासारखी ओरडायची. माझी बहीण म्हणायची, "आयसी, पोरीला लाडावून ठेवलंयस तू, दोन दे ठेवून." शाळेतल्या बाईने तर खरंच दोन दिल्या. त्या बाईला मी बाजारात गाठून काय काय बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही.

माझ्या एकाही कार्यक्रमाला पोर आली नाही. पण घरी मी रेकॉर्ड लावली की स्पीकरला पाठ टेकून बसायची. कुठे चावतं, कुठे नाही, ते वहीत लिहायची. 'चावतं' हा तिचाच शब्द. असल्या कानांची अकरा माणसं तिने फोनवरून शोधून काढली होती. त्यांना रविवारी दुपारी एका हॉलमध्ये बसवून रेगे ऐकवायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या लेकीने कुणाला बोलावलं होतं. हॉल पिनॉकबाईंच्या संस्थेचा, म्हणून ही परीक्षा.

केटुराने वही उघडून बाईंपुढे धरली. "बेस चावत नाही. तो येणार हे मला आधी कळतं, पाठीत कळतं. तो धरून ठेवतो. चावतं ते अचानक येणारं. ड्रमच्या कडेवर मारलेली काठी. मध्येच परत येणारा प्रतिध्वनी. भोंगा. दोनशे चौदा गाणी तपासलीत. एकतीस चालतील. यंत्र फक्त किती मोठं ते सांगतं. कधी, ते सांगत नाही."

पिनॉकबाईंनी वही बराच वेळ चाळली. "एकदा करून बघा," म्हणाल्या. "पण एकालाही त्रास झाला, तर पुन्हा हॉल मिळणार नाही."

रविवारी अकराच्या अकरा आली. कुणी टोपी कानांवर ओढलेली, कुणी आईचा हात घट्ट धरलेला. केटुराने दारातच नियम सांगितले. भिंतीवर थापा मारायच्या नाहीत, गाणं आवडलं तर हात वर करायचा. आणि गाणं सुरू झालं की संपेपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "मम्मी, भोंग्याची वायर काढून टाकू?"

"मी काय लहान आहे का? नाही दाबणार!" मी खेकसले.

आमच्याकडची रीत तुम्हाला माहीत असेल नसेल. गाणं लोकांच्या काळजाला भिडलं की ते भिंती बडवतात, आरोळ्या ठोकतात. मग लावणाऱ्याने रेकॉर्ड तिथेच थांबवायची, हाताने खर्रकन उलटी फिरवायची, भोंगा वाजवायचा आणि गाणं पहिल्यापासून लावायचं. लोकांनी केलेला तो मान असतो. तो मान न घेणारी बाई शिष्ट ठरते.

मंचावरून मी चौथं गाणं लावलं. पहिल्या रांगेत वेडरबर्न म्हणून एक म्हातारे होते. कारखान्याच्या गोंगाटाने कान हळवे झाल्यापासून नऊ वर्षं त्यांनी घरात गाणं लावलं नव्हतं. बेस आला तसे त्यांनी डोळे मिटले. मग एक हात वर केला. मग दुसरा. गालांवरून पाणी वाहत होतं. मागे एकेक करत सगळे हात वर गेले, माझ्या केटुराचासुद्धा. कुणी आवाज केला नाही. एवढा मान मला तीस वर्षांत कुठल्याच मैदानात मिळाला नव्हता.

आणि माझा हात गेला. देवाशपथ सांगते, मी नाही नेला. उजव्याने रेकॉर्ड खर्रकन मागे ओढली, डाव्याने भोंगा दाबला.

वेडरबर्न गुडघ्यांवर कोसळले, डोकं दोन्ही हातांत. एक मुलगी टेबलाखाली घुसून कपाळ जमिनीवर आपटायला लागली. केटुरा ओरडत होती, बशीवर चमचा घासल्यावर ओरडायची तशी.

पिनॉकबाई दारात उभ्या होत्या. "मी सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "हे संगीतच यांच्यासाठी नाही."

मी त्यांच्या अंगावर धावून जाणार होते. पण शाळेतल्या त्या बाईने केलं, तेच आज मी केलं होतं.

केटुराने आधी त्या मुलीच्या कपाळाखाली आपला हात घातला. ती शांत झाल्यावर माझ्याकडे आली.

"मम्मी, उतर खाली."

"अगं बाळा, हात आपोआप..."

"माहितीये मला. म्हणूनच उतर." मग ती पिनॉकबाईंकडे वळली. "रेगेने नाही झालं हे. माझ्या आईने केलं. तसं लिहा. बेस चालेल. आयसिल्डा ब्राऊन चालणार नाही."

"अगं, आई आहे तुझी," पिनॉकबाईच चरकल्या.

"हो. लिहा."

वेडरबर्न टेबलाला धरून उठले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "पोरी, तेच गाणं लाव. पुरतं लाव." बाईंनी पेन काढलं आणि केटुरा सांगत होती ते शब्दाला शब्द लिहून घेतलं.

आता दर महिन्याला बैठक होते. माणसं चाळीसवर गेलीत. स्पीकर मीच आत नेते, वायरी जोडते, आणि पहिली रेकॉर्ड लागायच्या आत केटुरा मला दाराबाहेर काढते. लोक विचारतात, आयसी, लेकीचा राग नाही येत? येतो ना! दर वेळी येतो, चांगला तासभर टिकतो. पण ती दार लावते ना, तेव्हा मी तिला अडवत नाही. कारण आत मी असले तर हात पुन्हा जाईल.