रात्रीची उतरली होती

माळ्यावरचा कुरडयांचा डबा ओढताना मंदाबाईंच्या हाताला बाटली लागली. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली, वरून सुतळी. स्टुलावर उभ्या उभ्याच त्यांनी कागदाचं टोक उलगडलं. व्हिस्की. सील शाबूत होतं. कागद होता तसा लपेटून त्यांनी बाटली जागच्या जागी ठेवली, डबा घेतला आणि खाली उतरल्यावर आधी दाराकडे पाहिलं.

स्वयंपाकघरात त्यांची जाऊ लताबाई भाकरी थापत होती. तिला हे सांगणं शक्यच नव्हतं. तिच्यामुळेच तर पिंप्राळ्यातल्या या घरात सात वर्षं दारूचं नाव निघालं नव्हतं.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात सावद्याचं एक लग्न आटोपून सगळे सकाळी परत निघाले होते. जीप मंदाबाईंचे यजमान देवचंदभाऊ चालवत होते. शेजारी त्यांचा धाकटा भाऊ लोटन, मागे मंदाबाई आणि आहेराची गाठोडी. नशिराबादच्या अलीकडे रस्त्याकडेला केळीची ट्रॉली उभी होती, तिच्यावर जीप आदळली. लोटन जागच्या जागी गेला. लताबाई तेव्हा घरी त्याची वाट पाहत होती.

ब्रेक लागले नाहीत, असं देवचंदभाऊंनी पोलिसांना सांगितलं. ब्रेक आठवडाभरापूर्वीच पंडित मिस्तरीने दुरुस्त केले होते. त्याच्यावर काही शाबीत झालं नाही, पण गिऱ्हाइकांनी त्याच्याकडे गाड्या टाकणं बंद केलं. गॅरेजला कुलूप लावून तो धुळ्याला निघून गेला. देवचंदभाऊंनी त्यानंतर ना पेला धरला, ना स्टिअरिंग. मोटारपंपांच्या दुकानात ते रिक्षानं जात, रिक्षानं येत.

आणि आता ही बाटली.

मंदाबाईंना पहिला संशय आला तो त्या यंत्राचा. पंधरा दिवसांपूर्वी देवचंदभाऊंचा भाचा अभिमन मस्कतहून आला होता. तिकडे एका तेल कंपनीच्या गाड्यांचं काम तो बघायचा. सगळ्यांना साबण, अत्तरं वाटून झाल्यावर त्याने बॅगेतून काडेपेटीपेक्षा थोडी मोठी काळी डबी काढली.

"मामा, यात फुंकलं की कळतं माणूस किती प्यायलाय ते. हिरवा दिवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे गाडीला हात लावायचा नाही. आमच्याकडे ड्रायव्हरला रोज सकाळी फुंकावं लागतं."

"सकाळी कशाला?" देवचंदभाऊंनी विचारलं. "सकाळी कोण पितं?"

"सकाळी नाही हो, रात्रीची. बरेच जण सकाळी पकडले जातात."

"झोप झाल्यावरही?"

"झोपेचा काही संबंध नाही, मामा. झोपेनं थकवा जातो. दारू तिच्या चालीनंच उतरते, तास न् तास घेते. आंघोळ करा, चहा प्या, लिंबू पिळा, ती घाई करत नाही."

सगळे हसले होते. देवचंदभाऊ हसले नव्हते. त्यांनी डबीबरोबरचा कागद मागून घेतला आणि चष्मा लावून ओळीवर बोट ठेवत वाचत बसले. जाताना अभिमनने डबी त्यांनाच देऊन टाकली. तेव्हा मंदाबाईंना वाटलं होतं, पुरुषांना असल्या खेळण्यांचं वेडच असतं. आता डबी आणि बाटली यांची सांगड बसू लागली. मोजून प्यायची, सकाळी दिवा हिरवा बघायचा आणि शहाण्यासारखं दुकानात जायचं.

त्या रोज स्टुलावर चढू लागल्या. रोज सील शाबूत. ते फुटलं असतं तर भांडता तरी आलं असतं. नवरा आंघोळीला गेला की त्या त्याच्या सदऱ्याचा वास घेत. ग्रीस, घाम, तंबाखूची पुडी. बाकी काही नाही. मग ही बाटली कुणासाठी? कशाची वाट बघतेय?

आठव्या दिवशी जेवताना देवचंदभाऊ लताबाईला म्हणाले, "तू माहेरी जाऊन ये ना दोन दिवस. वरणगावला. आईला बरं नाही म्हणत होतीस."

"आता बरी आहे ती, दादा."

"तरी जाऊन ये. शनिवारी जा, रविवारी संध्याकाळच्या गाडीनं ये."

मंदाबाईंच्या हातातली वरणाची पळी ताटावर आपटली. शनिवारी लताबाईला एसटीत बसवून त्या घरी आल्या, त्या थेट माळ्यापाशी. बाटली तिथे नव्हती. ती ओट्यावर होती. शेजारी मापाचा पेला, ती डबी आणि गजराचं घड्याळ. देवचंदभाऊ खुर्चीत बसले होते. लपवाछपवी करताना पकडलेल्या माणसाचा चेहरा नव्हता त्यांचा.

"भावाच्या बायकोला घराबाहेर काढून प्यायला बसणार तुम्ही?"

"हो."

"लाज नाही वाटत?"

"आज एकदाच पिणार आहे. मला सकाळी आठ वाजता बघायचंय."

"काय बघायचंय?"

त्यांनी घड्याळाचा गजर सहावर लावला. पिणाऱ्याकडे कारणं भरपूर असतात हे मंदाबाईंना ठाऊक होतं. त्यांनी आतल्या खोलीचं दार लोटून घेतलं. त्यांना झोप लागली नाही. एवढं मात्र लक्षात आलं की ते लगेच प्यायला बसले नाहीत. जेवण उशिरा केलं, पिणंही उशिरा सुरू केलं, आणि पेला ओट्यावर टेकला की मध्ये बराच वेळ जायचा. जणू कुणाच्या तरी सोबतीनं, गप्पा मारत पीत होते.

सहाला गजर झाला. मंदाबाई उठून बाहेर आल्या तर देवचंदभाऊ दात घासत होते. गरम पाण्यानं आंघोळ केली, दाढी केली, कुठे कापलं नाही. इस्त्रीचा सदरा घातला. चहा मागितला, त्या ठेवीपर्यंत वर्तमानपत्रातली कापसाच्या भावाची बातमी मोठ्यानं वाचून दाखवली. जीभ कुठे अडखळली नाही. डोळे स्वच्छ. पावलं सरळ. संतापलेल्या मंदाबाईंनाही मान्य करावं लागलं असतं, की माणूस ताजातवाना आहे.

भिंतीवरच्या घड्याळात आठ वाजायला आले, तसं त्यांनी विचारलं, "मी कसा दिसतो?"

"कसा म्हणजे?"

"प्यायलेला दिसतो का?"

"नाही."

"त्या दिवशी सावद्याहून निघालो, तेव्हा असाच होतो ना? नीट आठवून सांग."

मंदाबाईंच्या हातातली चहाची गाळणी तशीच राहिली. पोलिसांनी त्यांनाही विचारलं होतं. जमादार देवचंदभाऊंच्या तोंडाशी नाक नेऊन 'वास नाही' म्हणाला होता, आणि मग मंदाबाईंकडे वळला होता. त्यांनी जबाबावर अंगठ्याऐवजी सही केली होती, तीही ठसठशीत. 'रात्री लग्नघरी घेतली होती. पण झोप झाली होती, आंघोळ झाली होती, चहा झाला होता. रात्रीची उतरली होती.' यातला शब्द न् शब्द त्यांना खराच वाटला होता.

"असेच होतात," त्या म्हणाल्या.

देवचंदभाऊंनी डबीचं बटण दाबलं, थोडं थांबले, आणि लांब श्वास घेऊन फुंकलं. डबीनं बारीक शिटी दिली. हिरवा लागला, पिवळा लागला, आणि मग लाल. लालच राहिला.

बाहेर भांडीवाल्याची आरोळी येऊन गेली, तरी दोघंही डबीकडेच बघत होते.

"यंत्र बिघडलं असेल," मंदाबाई म्हणाल्या. त्यांनी डबी ओढून घेतली, दिवा विझेपर्यंत थांबल्या आणि स्वतः फुंकलं. हिरवा.

"तुम्हाला हे माहीत होतं?"

"माहीत नव्हतं. शंका होती."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. ट्रॉली दिसली होती मला. दिसली, आणि पाय उचलायला फार वेळ लागला." त्यांनी डबी खिशात घातली. "ब्रेक लागले होते, मंदा."

नऊच्या एसटीनं दोघं धुळ्याला निघाले. गाडीत मंदाबाई खिडकीशी बसल्या. शेजारच्या माणसाबरोबर त्यांनी सव्वीस वर्षं काढली होती, आणि एरंडोल येईपर्यंत त्या एकच गोष्ट उलटसुलट करून पाहत होत्या: मला खरंच कधीच शंका आली नाही? की आली, आणि मीच तिला घरात घेतली नाही?

पारोळा रस्त्याला पंडित मिस्तरी पिठाची गिरणी चालवत होता. भुवयांवर पीठ साचलेलं. देवचंदभाऊंना पाहून त्याने पट्टा थांबवला आणि खांद्यावरच्या फडक्यानं बाक पुसला.

"या देवाभाऊ. बसा वैनी."

देवचंदभाऊ बसले नाहीत. उभ्यानंच त्यांनी सगळं सांगितलं, काही न गाळता. पंडितने डबी हातात घेतली, उलटीपालटी केली, नखानं मागचं झाकण चाचपलं. जुन्या सवयीनं.

"मी बी जबाब दिला होता," मंदाबाई म्हणाल्या. "खोटं नव्हते बोलत मी, पण खरंही नव्हतं ते."

दळणाची वाट बघत एक बाई डबा घेऊन उभी होती, तिला पंडितने हातानंच नंतर ये म्हणून सांगितलं.

"सात वरीस," तो म्हणाला, "रोज रातले ते ब्रेक मी मनमा खोलस, अन परत बसाडस. माले वाटे, एखादा नट ढिला राही गया व्हई. लोके म्हनेत त्यानं काही नई. मनाच मनले पटी गयं व्हतं. म्हनीसन पाना परत हातमा धरा नई."

देवचंदभाऊंनी हात जोडले. पंडितने ते पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. डबी त्याने बाकावर ठेवली आणि हलकेच त्यांच्याकडे सरकवली.

"लोटननी बायकोले सांगं का?"

देवचंदभाऊंनी डबी उचलून खिशात घातली. गिरणीच्या जात्यातून उरलंसुरलं पीठ डब्यात पडत होतं.

"अजून नाही," मंदाबाई म्हणाल्या. त्यांनी पदर खोचला आणि बाकावरून उठल्या. "संध्याकाळच्या गाडीनं येतेय ती. चला, तिच्या आधी घरी पोचायला हवं."