झडप दोनदा बंद करायची

उदगीर जिल्हा होणार, होणार म्हणून चौकात फलक झळकत होते, आणि नळाला मात्र वीस दिवस थेंब न्हाई! अशा उन्हाळ्यात शंकरप्पांच्या कारखान्यानं बसवलेलं पाणीयंत्र बिघडलं. बटण दाबलं की दोन घागरी देऊन झडप मिटायला हवी. ती मिटलीच न्हाई. टाकीभर पाणी गटारात गेलं.

कारखान्यातल्या महानंदाचा संशय तिथल्याच एकट्या अजीजवर. यंत्राचा प्रोग्राम कारखान्याच्या सोप्या भाषेत लिहायचा, आणि त्याचं चिपच्या भाषेत रूपांतर करणारा कंपायलर खुद्द महानंदानं बनवलेला. तरी प्रोग्रामात झडपेच्या जागी अजीजनं तीन ओळी थेट चिपच्या भाषेत, असेम्ब्लीत, घुसडल्या होत्या. का बुवा? शिवाय यंत्र त्याच्याच गल्लीतलं. वाहत्या पाण्याला बादल्या कुणी लावल्या, हे काय सांगायला पाहिजे?

"संध्याकाळपर्यंत शोध," मालक शंकरप्पा, म्हणजे सगळ्यांचे आप्पा, म्हणाले. "त्याचाच उद्योग असंल तर आजच घरी बसवतो त्याला."

तिनं त्या ओळी उघडल्या. झडप बंद कर. जरा थांब. झडप बंद कर. सापडला की लबाड!

"अजीजभाई, एकच काम दोनदा कशापायी?"

"ताई, बोअरचं पाणी लई खारं. झडपेवर क्षार धरतोय. पहिल्या धक्क्याला क्षार सुटतो, दुसऱ्याला ती मिटते. हातानं करून बघा की."

यंत्रातून काढून आणलेल्या झडपेवर तिनं करून बघितलं. खरंच तसं होतं.

मग तिनं चिपमध्ये प्रत्यक्ष काय उतरलंय ते तपासलं. तिथं 'बंद कर' एकदाच होतं. तेच काम पुन्हा दिसलं की फालतू समजून गाळायचं, ही अक्कल कंपायलरला तिनंच दिली होती. असेम्ब्लीच्या ओळींना हात लावायचा न्हाई, एवढं सांगायचं मात्र राहून गेलं होतं. अगं आई गं!

ती बाहेर आली तर अजीज आपली हत्यारं पिशवीत भरत होता. आपल्याला घरी बसवणार, हे कुणी काही सांगायच्या आधीच त्याला कळलं होतं.

"आप्पा, चूक माझी हाय," ती हळूच म्हणाली.

आप्पांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तिचा कंपायलर दाखवूनच तर ते गावोगावची कामं मिळवत होते. "जाऊ दे, महानंदा. निघालाच हाय तो."

लाजेनं तिचा जीव अर्धा झाला. मग सगळा कारखाना वळून बघेल एवढ्या मोठ्यानं ती ओरडली, "आप्पा, चूक माझी हाय!"

अजीजनं पिशवी खाली ठेवली.