एका वाक्याची शिकवणी

मला बोलता येत नाही असं माझ्या तोंडावर म्हणणारा माणूस अजून जन्मायचाय. डेअरीवाल्यानं एकदा फॅट कमी लावली, तेव्हा भर चौकात त्याला असा सोलला की आजही माझी किटली दिसली की तो आधी मशीन पुसतो. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण बोलायला चौथी लागत नाही. त्यामुळं या मनकर्णेनं पासष्टाव्या वर्षी आत्मविश्वासाची शिकवणी लावली हे ऐकून लोक हसले. हसू द्या.

बोलायला सगळ्यांशी येत होतं, फक्त एका माणसाशी येत नव्हतं. माझे थोरले दीर, म्हणजे माझे भासरे. गाव त्यांना काकासाहेब म्हणतं, घरात सगळे आप्पा म्हणतात. लग्न होऊन आले तेव्हा सासूनं सांगितलं, भासऱ्यांपुढं पदर खाली येता कामा नये आणि आवाज वर जाता कामा नये. मी आवाजच बंद केला. ते दाराशी आले की आधी खाकरायचे. खाकरलं की माझा हात आपोआप पदराला जायचा आणि ओठ मिटायचे. अठ्ठेचाळीस वर्षं. काही सांगायचं असलं की मी आमच्या मालकांना सांगायचे, मालक त्यांना सांगायचे, उत्तर त्याच वाटेनं परत यायचं.

आणि उत्तर नेहमी एकच. मी दारातली चिंच तोडू नका म्हणाले, चिंच तोडली. माझा कल्याण सात वर्षांचा, त्याला एवढ्यात बोर्डिंगात टाकू नका म्हणाले, टाकला. "आप्पांनी ठरवलंय," मालक खाली मान घालून सांगायचे. मी मनातल्या मनात भासऱ्यांना जे बोलले असेन, ते लिहायला ही वही पुरणार नाही.

गेल्या वर्षी श्रावणात मालक गेले. माझा त्या घरातला बोलायचा रस्ताच गेला.

मग माघात गोठ्यात माझा पाय घसरला. शेजारची केशरबाई येईपर्यंत मी तासभर शेणात पडून होते. तेवढं निमित्त झालं. कल्याण चाकणहून आला, आप्पांकडं जाऊन बसला आणि परत येऊन म्हणाला, "वर्षश्राद्ध झालं की तू माझ्याकडं यायचं. गाया विकू, शेतातल्या वस्तीला कुलूप लावू."

चाकणचा फ्लॅट मी पाहिलाय. चौथा मजला. अकरा दिवस काढले होते. गॅलरीला लोखंडी जाळी, जाळीला टेकून तुळशीची कुंडी, कुंडीमागं मी. सून वाईट नाही. "आई, तुम्ही बसा," म्हणते. सकाळी बसा, दुपारी बसा, संध्याकाळी पण बसाच. बाराव्या दिवशी मी पिशवी भरली होती.

"मी न्हाई यायची," मी कल्याणला म्हणाले.

"आप्पांनी ठरवलंय, आई."

"मग आप्पांना सांग, ती न्हाई म्हनती."

तो गेला, चहा पिऊन परत आला.

"काय सांगितलं?"

"सांगितलं की, आई जराशी नाराज हाय, पण येईल."

"मी असं बोलले व्हते?"

"तेच ना गं. फक्त जरा नीट शब्दांत."

त्या दिवशी मी जेवले नाही. माझं 'नाही' माझ्या तोंडातून निघतं आणि आप्पांच्या ओट्यावर पोचेपर्यंत त्याचं 'येईल' होतं. आणि स्वतः जाऊन सांगावं, तर त्यांच्या नुसत्या खाकरण्यानं माझं तोंड शिवलं जातं. दोन्हीकडून दार बंद.

केशरबाईनं श्रीरामपूरच्या स्टँडवर पाटी वाचली होती. "आत्मविश्वास शिकवत्यात म्हनं. आपन शिवणकाम शिकलो, तसं हे बी शिकायचं."

"मला आत्मविश्वास कमी हाय?"

"तुला लई हाय गं बया. फक्त जिथं पायजेल तिथं न्हाई."

मी म्हणाले, लावायचीच तर एका दुकानात जाऊन लुगडं घ्यायचं नाही. दोन ठिकाणी बघू.

आधी नगरला गेलो, सावेडीत. भला मोठा हॉल, अंगात कोट घातलेले सर, आणि शंभरेक माणसं मूठ वर करून 'मी करणारच' ओरडत होती. काय करणार ते कुणी सांगेना. सरांनी माझ्या हातात माइक दिला. "आजी, मनातली भीती बाहेर काढा!"

मी माइक धरला आणि सांगितलं की इथं म्हाताऱ्या माणसाला टेकायला एक खुर्ची नाही, पंखे तुमच्याच डोक्यावर फिरतात, आणि कुणाला कसली भीती वाटते ते तुम्ही अजून एकालाही विचारलं नाही. लोकांनी टाळ्या पिटल्या. सर म्हणाले, "आजी, तुम्हाला कोचची गरजच नाही!" आणि माझ्यासोबत फोटो काढून घेतला. केशरबाईनं पण त्यात डोकं घातलं.

परतताना बसमध्ये मी तिकिटाच्या घड्या घालत बसले.

"आवडलं न्हाई व्हय?" केशरबाईनं विचारलं.

"त्याला माझा रोगच दिसला न्हाई. टाळ्या घेऊन मी करू काय?"

पुढच्या मंगळवारी श्रीरामपूर. वह्यापुस्तकांच्या दुकानावर दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत राजनंदिनी मॅडम मुलींची नोकरीच्या मुलाखतीसाठी तयारी करून घ्यायच्या. पस्तिशीची बाई, साधी. तिनं विचारलं, "आजी, नक्की कुणापुढं बोलता येत नाही?"

"भीत मी कुनालाच न्हाई."

"भीतीचं नाही विचारलं मी."

मी तिला आमची सगळी हकिगत सांगायला लागले, चिंचेपासून. चांगली रंगले होते. तेवढ्यात आतल्या खोलीत कोणीतरी पुरुष खाकरला. माझा हात पदराला गेला. ओठ मिटले. वाक्य अर्ध्यात तुटलं.

मॅडमनं ते पाहिलं. हसली नाही. "माझे वडील आहेत आत," म्हणाली. मग म्हणाली, "आजी, तुम्हाला बोलायला शिकवायची माझी लायकी नाही. ते तुम्हाला येतं. आपण एकच वाक्य घेऊ, आणि ते खाकरल्यानंतर बोलायला शिकू."

जिन्यावर केशरबाई म्हणाली, "ही तर टाळ्या बी वाजवीना."

"हीच लावायची," मी म्हणाले.

शिकवणी म्हणजे काय, तर एक रिकामी खुर्ची. मी तिच्यापुढं उभी. आतून मॅडमचे वडील खाकरायचे आणि मी म्हणायचं, 'मी ही वस्ती सोडणार न्हाई.' पहिल्या मंगळवारी एकदाही जमलं नाही. म्हाताऱ्याचा घसा बसला. दुसऱ्या मंगळवारी मी त्यांच्यासाठी डिंकाचे लाडू नेले. हात पदराला जायचाच. "जाऊ द्या हात," मॅडम म्हणाली. "हाताला हाताचं काम करू द्या, तोंडानं तोंडाचं." तिसऱ्या वेळी वाक्य निम्मं निघालं. चौथ्या मंगळवारी पूर्ण निघालं, आणि आतून म्हातारा ओरडला, "नका ना सोडू मग!" केशरबाई हसून खाली बसली.

पण रिकामी खुर्ची ती रिकामी खुर्ची.

वर्षश्राद्ध झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाया न्यायला टेम्पो आला. माझी ट्रंक कल्याणनं आधीच गाडीत ठेवली होती. मला विचारलं पण नव्हतं. टेम्पोवाला दावं सोडायला लागला, तांबडी गाय मागं वळून माझ्याकडं बघत होती, आणि मी दारात चौकटीला धरून उभी होते. पाय निघेना, शब्द निघेना.

तेवढ्यात बाहेरून खाकरण्याचा आवाज आला. आप्पा अंगणात येऊन खुर्चीवर बसले.

हात पदराला गेला. जाऊ दिला.

"मी ही वस्ती सोडणार न्हाई."

आवाज माझाच होता, पण पदराखालून आल्यामुळं दुसऱ्याच कुणाचा वाटला. टेम्पोवाल्याच्या हातातलं दावं तसंच राहिलं. कल्याण म्हणाला, "आई!" जणू मी अंगणात नागडी झाले होते.

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं नाही. पंच्याहत्तरीचा माणूस, मान खाली घालून काठीनं मातीवर रेघा ओढत राहिला. मग कल्याणकडं बघून बोलले, "कल्याण, तुझी आई न्हाई म्हनती का काय?"

"न्हाई म्हनते," मी म्हणाले. "चिंचेला बी न्हाई म्हनले व्हते. याला बोर्डिंगात टाकायला बी न्हाई म्हनले व्हते. तवा कुनी ऐकलं न्हाई, आज ऐका."

आप्पांची काठी थांबली. मग पुन्हा कल्याणलाच म्हणाले, पण आवाज बसलेला होता. "तुझा बाप बन्सी तर मला दर वेळेला सांगायचा, मनकर्णाची कशाला ना नसती. चिंचेच्या टायमाला मी दोनदा इचारलं व्हतं. म्हनला, तीच म्हनती तोडा."

घरात भिंतीवर मालकांचा फोटो होता, कालचाच ताजा हार घातलेला. मी मागं वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर काय बोलले असते, सांगता येत नाही, आणि त्याची शिकवणी मी लावली नव्हती. अठ्ठेचाळीस वर्षं मी या समोरच्या माणसाला शिव्या घातल्या. आणि ज्याला मी माझं तोंड समजत होते, त्यानं भांडण नको म्हणून माझा एकही शब्द कधी ओटा उतरू दिला नाही.

आप्पा उठले. "ट्रंक उतरव," कल्याणला म्हणाले. "गाया बांध." आणि चालू लागले.

मी जिंकले. गाव तसंच म्हणतं. कल्याण दर रविवारी फोन करतो, केशरबाई रात्री झोपायला येते, तांबडी व्यायली.

पण आप्पा त्या दिवसापासून येत नाहीत. मालक होते तेव्हा आणि गेल्यावरसुद्धा, रोज सकाळी ते खाकरायचे, आमच्या ओट्यावर बसून पेपर वाचायचे, मी दाराआडून चहाचा कप सरकवायचे. आता शेताकडं जाताना ते बांधावरूनच जातात. वस्तीसमोर आले की पाऊल जरा हळू होतं. परवा तर थांबले. खाकरले. एकदाच, हळू.

माझा हात पदराला गेला. चहा चुलीवर उकळत होता. 'चहा झालाय, या,' एवढंच म्हणायचं होतं. ओठ उघडले, पण निघालं काहीच नाही. ते थोडा वेळ उभे राहिले आणि गेले.

मंगळवारी मी श्रीरामपूरला गेले. मॅडमनं विचारलं, "आता काय आजी? वस्ती तर राहिली ना?"

"राहिली," मी म्हणाले आणि लाडवांचा डबा पुढं केला. "वडलांना म्हनावं, बसा आत. दुसरं वाक्य घ्यायचंय."