काजळ्या

"घाबरू नका मावशी, काजळ्या आलाय दाराशी," नर्स खाटेकडं बघून म्हणाली. वॉर्डाचं दार तिनं फटीएवढं उघडं ठेवलं आणि माझ्याकडे वळली. भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली होती. आता मी निघायचं होतं.

खाटेवर माझी थोरली बहीण होती. याच वॉर्डात आयाचं काम करण्यात तिचा जन्म गेला. रात्र निघणं कठीण आहे, असं डॉक्टरांनी सकाळीच मला बाजूला घेऊन सांगितलं होतं.

नर्स नवीन होती. ती मला समजावू लागली, की काजळ्या म्हणजे काळोखातला कुत्रा, जाणाऱ्याला तो पार पलीकडे सोबत करतो, म्हणून तर त्याचं नाव असं. फार जुनी गोष्ट आहे म्हणे. जुनी कसली डोंबलाची! काजळ्या आमच्या घरचा कुत्रा. पांढराशुभ्र, आणि भित्रा इतका की मांजर दिसली तरी खाटेखाली शिरायचा. लहानपणी ताईनं त्याच्या डोळ्यांत काजळ घातलं, तेव्हापासून ते नाव.

बाबा इथंच गेले. घंटा झाली म्हणून आईला बाहेर काढलं होतं, ते एकटेच गेले. आईनं अन्न सोडलं. तेव्हा ताईनं तिला सांगितलं, की काजळ्या आत शिरला होता, शेवटपर्यंत बाबांच्या पायाशी बसला होता. कुत्रा तर तेव्हा घरी माझ्या मांडीवर होता. पण आई त्या दिवशी जेवली. पुढं ताई इथंच कामाला लागली आणि पाय न निघणाऱ्या नातेवाइकांना हेच सांगून घरी पाठवू लागली.

मी नर्सच्या हातापाया पडले. खुर्चीही नको, खाली फरशीवर बसते म्हटलं. पण ती बिचारी नियमाला बांधलेली. ताईनं माझा हात घट्ट धरला होता. तिला भीती वाटत होती. पाठची बहीण मी, मला कळणार नाही?

"मी नाही जात," मी म्हटलं.

ताईनं नर्सच्या रडवेल्या तोंडाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"आलाय गं तो," ती म्हणाली. "बसलाय बघ पायाशी. उगाच तिला बोलणी बसतील. जा तू."

मी पायाशी पाहिलं. चादर होती, आणि तिची वाळकी पावलं.

"हो ताई," मी म्हटलं, "बसलाय."

तेव्हा तिनं माझा हात सोडला.