आबांचा खांदा

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळतात, हे चोपड्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण त्या वर्षी शालिग्राम पाटलाने दवंडी पिटून गाव जमवलं आणि बैल राहिले बाजूला, लोटनआबांनाच पाटावर बसवलं. सासऱ्याला असं बसलेलं पाहून सुंदरबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

संवत छप्पनच्या दुष्काळात शालिग्रामच्या आजाने मेलेल्या बैलाच्या जागी आबांना विहिरीवरच्या मोटेला जुंपलं होतं. खांद्यावरचा घट्टा अजून तसाच होता. पुण्याला शिकून खादी घालून आलेला नातू आता त्याच घट्ट्यावर लोणी चोळत होता. "माझ्या आजाच्या पापाची मी माफी मागतो," म्हणाला आणि डोळे पुसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या! आबा बिचारे अंग चोरून बसले होते.

वा रे शहाण्या! माणसाचा बैल केला म्हणून माफी, आणि तीही बैलाच्याच सणाला!

सुंदरबाई पदर खोचून पुढे झाली. "भाऊ, मन्हा सासरा बैल शे का?"

शालिग्राम गडबडला. "अहो, मान दिला तो. ते पाप मी केलं नाही, तरी मला लाज वाटते."

"तुम्ही नही करं, खरं शे. पण ती विहीर तुमनीच ना? केळी तुमन्याच ना? मंग मन्हा धनीले सोडा!"

तिचा नवरा वना शालिग्रामकडेच सालदार होता. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साल संपलं तेव्हा पाचोऱ्याच्या कापसाच्या जिनात त्याला काम मिळत होतं. हाच शालिग्राम तेव्हा म्हणाला होता, "खुशाल जा. पण झोपडी माझ्या जागेत आहे, तीही उचल." म्हातारा बाप घेऊन वना जाणार कुठे? पुन्हा सालावर राहिला.

"तो विषय वेगळा," शालिग्राम हळूच म्हणाला. "पुढच्या आखाजीला बघू."

वेगळा म्हणे! मेल्याला जनाची नाही, मनाचीही नाही. सुंदरबाईने आबांच्या खांद्यावरचं हळद-लोणी तळहाताने निपटलं आणि शालिग्रामच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्याच्या खांद्यावर कचकचून चोळलं.

"पोळा सरना की तुम्ही जू घ्या!"

मग तिने आबांना हाताला धरून उठवलं. वना गर्दीत मान खाली घालून उभा होता. ती त्याच्यासमोर जाऊन थांबली.

"चाला," ती म्हणाली, "झोपडी उचला."