रुखमाबाईची मागची खोली

आमचं जुनं गाव गोसीखुर्दच्या पाण्याखाली गेलं, तेव्हा रुखमाबाईच्या घरात पाच माणसं होती. म्हणून पुनर्वसनाच्या वसाहतीत तिला दोन खोल्यांचं सरकारी घर मिळालं. आता नवरा वारला, पोरं पुण्याला गेली आणि ती एकटी उरली. शेजारी धनंजयच्या घरात तेव्हा तिघंच होती, म्हणून एकच खोली; आता तिच्यात सात माणसं. त्याचा म्हातारा बाप थंडीतही अंगणात झोपतो. धनंजयने घरं बदलून द्या म्हणून अर्ज केला, तो काही दुष्टपणाने नव्हे. पण सोपा न्याय नेहमी दुसऱ्याच्या घरात जाऊनच करता येतो, हे मी आपलं सांगून ठेवते.

मंगळवारी पुनर्वसन कार्यालयाचे साहेब टेप घेऊन आले. "मावशी, एकट्या बाईला दोन खोल्या कशाला? धनंजयच्या खोलीत जा. न्याय सगळ्यांना सारखा."

"एकदा गाव सोडा म्हनलं, सोडलं. आता घर बी सोडू? आमी का मांजरीचे पिल्लं आहो, सात घरं फिरवाले?"

साहेब मागच्या खोलीत शिरले. तिथे एक बाज आणि एक शेगडी. त्यांनी वहीत लिहिलं, 'रिकामी'. माझं तर डोकंच तापलं.

"भिंत पाहा ना, साहेब," रुखमाबाई म्हणाली.

भिंतीवर हळदीकुंकवाची बोटं उमटली होती, बाळाच्या पाचवीच्या पूजेची. चौदा बाळांची. आमच्यात लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी. पण वसाहतीत निम्म्या घरांना एकच खोली. बाप, भाऊ यांच्यामध्ये बाळंतिणीने निजायचं कुठे? दवाखान्यातून सुटली की ती सव्वा महिना इथे राहते. रुखमाबाई तिला शेकते, बाळाला न्हाऊ घालते. अख्ख्या गावाचं माहेर आहे ते, आणि हे म्हणे रिकामं!

धनंजयची बायको अंजू कुंपणापाशी उभी होती. ती नवऱ्यावरच उखडली. "अर्ज लिवतानी आपली रिता काहून नाई आठवली तुमाले? नववा सरत आला तिचा. त्या खोलीत बुढा निजन, मंग त्याच्या बाजेखाली निजवू का पोरीले?"

धनंजय मान खाली घालून म्हणाला, "मी झोपाचाच इचार केला, वो."

"तुह्या बापाले आजपासून माह्या दारापुढच्या छपरीत निजू दे," रुखमाबाई त्याला म्हणाली. "त्याले अर्ज नाई लागत. पन खोली देनार नाई."

साहेबांनी घर सोडायची नोटीस पुढे केली. तिने हात पदराखाली घेतले.

"नियमात राहणारी डोकी मोजतात, मावशी. पंधरा दिवसांनी पोलीस घेऊन येईन."

"या ना. पन चपला बाहेर काढजा आन् हळू बोलजा. आत बाळंतीन राहीन."