सत्तावन्न रिकाम्या खुर्च्या

पंपांच्या कारखान्यात एकतीस वर्षं स्टोअर सांभाळून जो माणूस निवृत्त होतो, त्याला घरी बसल्यावर मोजायला काहीतरी लागतंच. बिल्डिंगमधले सगळे त्यांना नगकाका म्हणत, कारण ते कशालाही नुसतं 'सहा' म्हणत नसत. बल्ब सहा नग, जिन्याच्या पायऱ्या बावीस नग, दारात आलेले पाहुणे पाच नग. हे शेवटचं त्यांनी एकदा पाहुण्यांच्या देखतच म्हटलं होतं आणि काकू त्यापायी दोन वर्षं फोनवर माफी मागत होत्या.

अशा माणसाच्या हातात जावयाने ती वेबसाइट दिली. जावई स्वभावाने गरीब. सासरे रोज 'विमानात जागा आहेत का' विचारतात, त्यापेक्षा त्यांनाच बघू दे, इतकाच त्याचा हेतू.

झालं होतं असं. काकूंचे थोरले भाऊ शिंपी. आईवडील लवकर गेले, तेव्हापासून या भावाने मशीन चालवून बहिणीला वाढवलं, शिकवलं, तिचा परकरापासून लग्नातल्या ब्लाऊजपर्यंत प्रत्येक कपडा स्वतः बेतला. आता डोळे थकले. दुकान बंद करायचं ठरलं, तारीख ठरली, रविवारी संध्याकाळी मशीन न्यायला माणूस येणार हेही ठरलं. आणि दादांनी बहिणीला फोन केला. "शेवटचा कपडा तुझा शिवणार. मापाला समोर येऊन उभी राहा. मशीन गेल्यावर आलीस तर नुसता चहा मिळेल."

काकूंनी फोन ठेवला आणि डोळे पुसायलाही न थांबता बॅग काढली. दहा दिवस आधी.

गाव लांब. गाडीने दोन रात्री आणि एक दिवस, आणि काकूंची कंबर तासाभराच्या बसला 'देवा रे' म्हणते. विमान दिवसातून एकच. मुलगी विमान कंपनीत काउंटरवर कामाला, त्यामुळे आईवडिलांना वर्षातून दोनदा जवळजवळ फुकट जाता येई. अट एवढीच की पैसे भरलेले सगळे प्रवासी बसल्यावर जागा उरली पाहिजे. उरली तर बसा, नाही तर घरी जा.

"बाबा, आईचं तरी पक्कं तिकीट काढूया," मुलगी म्हणाली. "स्वस्तातली अजून आहेत."

"थांब," नगकाका म्हणाले. "आधी साठा बघू."

वेबसाइटवर विमान निवडलं की एक ओळ यायची. वाय नऊ, बी नऊ, एम नऊ, एच नऊ, क्यू नऊ, एल सात, व्ही पाच. जावयाने सांगितलं होतं की प्रत्येक अक्षर म्हणजे भाड्याचा एक वर्ग, आणि पुढचा आकडा म्हणजे त्या वर्गात किती जागा मिळतील ते. एवढं सांगून तो ऑफिसला गेला. तो गेला आणि इकडे एकतीस वर्षांचा अनुभव कामाला लागला. नगकाकांना त्या ओळीत काय दिसलं? सात कप्प्यांचं लोखंडी रॅक दिसलं. प्रत्येक कप्प्याला अक्षर, प्रत्येक कप्प्यात माल. त्यांनी वही काढली, रेघ मारली, बेरीज केली.

"सत्तावन्न नग!" ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले. "अगं, अर्धं विमान रिकामं जातंय. आणि पोरगी म्हणते तिकीट काढा."

काकू कणीक मळत होत्या. "लोकांच्या खुर्च्या मोजून झाल्या असतील तर आपल्या दोन पुसून घ्या. धूळ बसलीय."

पण आता काका कसले ऐकतात! रोज सकाळी अंघोळ झाली की देवाला हात जोडायचे आणि लगेच फोन उघडायचा. वहीत आवक नव्हतीच, नुसती जावक. सत्तावन्न, पन्नास, त्रेचाळीस. साठा कमी होत होता, पण स्टोअरकीपरला साठा कमी होण्याची भीती नसते, साठा संपण्याची असते. जिन्यात भेटलेल्या इलेक्ट्रिशियनलाही त्यांनी धीर दिला. तो कुठेच जाणार नव्हता, तरी दिला. "जागा भरपूर आहेत हो. घाई करू नका."

शुक्रवारी संध्याकाळी मुलगी ड्यूटी संपवून सरळ आईकडे आली. उद्या दुपारी विमान. ओट्याला टेकून तिने विचारलं, "बाबा, बघताय ना रोज?"

"पंचवीस!" काकांनी वही तिच्यापुढे धरली. "वाय पाच, बी पाच, एम पाच, एच पाच, क्यू पाच. बाकीचे दोन कप्पे रिकामे. पण आपल्याला दोनच लागणार."

मुलीने वही घेतली. पहिलं पान, दुसरं पान, तिसरं पान. मग ती खाली बसली. पाटावर नाही, जमिनीवरच.

"बाबा, तुम्ही यांची बेरीज केलीत?"

"मग काय वजाबाकी करायची?"

"अहो, सगळीकडे त्याच पाच खुर्च्या आहेत! वायमधूनही त्याच पाच विकायच्या, बीमधूनही त्याच पाच. खुर्ची एकच, तिला भावाच्या चिठ्ठ्या पाच. जी चिठ्ठी आधी विकली जाईल ती जाईल, खुर्ची गेली की सगळ्या अक्षरांतून एक कमी."

नगकाकांनी वही परत ओढून घेतली. मग त्यांचा आवाज चढला, आणि तो मुलीवर नव्हता, वेबसाइटवर होता. "एक नग साठ्याच्या पाच कार्डांवर? पाच कार्डांवर? आमच्याकडे कुणी असं केलं असतं तर ऑडिटरने त्याला दुपारच्या जेवणाआधी घरी पाठवलं असतं!"

"आणि सुरुवातीला नऊ दिसत होते ना, ते नऊ किंवा त्याहून जास्त. नऊच्या वर ते दाखवतच नाही."

"नऊच्या पुढे मोजता येत नाही? आणि त्याच्यावर विमानं उडवतात?"

"बाबा," मुलगी म्हणाली, "पाच जागा. आमच्या वर्कशॉपमधला एक मेकॅनिक उरलेल्या जागांच्या यादीत तुमच्या आधी आहे. उद्या सकाळपर्यंत तिकिटं विकली जाणार. आणि रविवारचं विमान फुल आहे, सगळी अक्षरं शून्य."

आता तिकीट काढायचं म्हटलं तर उरलेलं सगळ्यात स्वस्तसुद्धा किती, ते तिने सांगितलं. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आकडा तेवढाच राहिला.

"तेवढ्या पैशांत दादा दुकान परत उघडेल," काकू म्हणाल्या. इतका वेळ त्या दारात उभ्या होत्या हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. "उद्या जाऊ. देवाच्या मनात असेल तर बसू." आणि आत जाऊन त्यांनी बॅगेची चेन लावली. चेनचा तो आवाज काकांना जितका लागला तितकं काकूंचं बोलणं आयुष्यात कधी लागलं नव्हतं. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

शनिवारी ते दोघे विमानतळावर इतक्या लवकर पोचले की फरशी पुसणारी बाई म्हणाली, "काका, जरा पाय वर घ्या." हातात दोघांचे डबे, पाण्याच्या दोन बाटल्या आणि फोन. फोनवर वाय चार. मग वाय तीन.

तीन! मेकॅनिक एक, आपण दोन. बरोब्बर तीन. काकांनी मान वर करून पाहिलं तर समोरच तिकीट विक्रीची खिडकी, आणि खिडकीपुढे रांग. त्या रांगेतला प्रत्येक माणूस त्यांना आपल्या बायकोच्या मांडीवर बसायला निघाल्यासारखा दिसू लागला. ते उठले आणि रांगेच्या शेपटीशी जाऊन उभे राहिले.

"कुठे जाताय?" त्यांनी एका सूटवाल्याला प्रेमाने विचारलं. त्याने दुसऱ्याच गावाचं नाव घेतलं. "वा! छान गाव आहे. अवश्य जा." एक तरुण जोडपं नेमकं याच विमानाचं निघालं. "विमान कशाला? गाडीने जा. खिडकीतून काय डोंगर दिसतात! तरुणपणी नाही बघायचे तर कधी?" जोडप्याने एकमेकांकडे पाहिलं, आणि खरंच निघून गेलं. काका परत आले तेव्हा छाती दोन बोटं पुढे आली होती.

"काय करताय तिकडे?" काकूंनी विचारलं.

"समाजसेवा."

"कळतंय मला. बसा इथे गप्प."

ते बसतात न बसतात तोच एक बाई धावत आली. खांद्याला घसरणारी पर्स, कागदांनी फुगलेली फाईल, केस सुटलेले. रांग बघून ती मटकन काकूंशेजारी बसली, आणि काकांच्या फोनवरची अक्षरं तिच्या नजरेला पडली.

"काका, तुम्हाला कळतं का हो हे? दुपारच्या विमानात जागा आहे का? नसेल तर मी टॅक्सी करून दुसऱ्या विमानतळावर जाते, पण मग आत्ताच निघायला हवं. संध्याकाळी मुलाखत आहे. तीन वर्षांनी बोलावलंय मला कुणीतरी."

आता बघा, देव माणसाला कुठे गाठतो. देवळात नाही, तिथे माणूस तयारीनेच जातो. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, मांडीवर डबा असताना गाठतो. 'नाही' एवढं एकच म्हणायचं होतं. ती टॅक्सीने गेली असती, पोचलीही असती बहुतेक. काकांनी तोंड उघडलं. पण एकतीस वर्षांत रॅकवर माल असताना त्यांनी कुणाला 'नाही' म्हटलं नव्हतं. मॅनेजरच्या मेहुण्याला माल देणं जिवावर आलं होतं तेव्हाही नाही, आणि आवडत्या मिस्त्रीसाठी वायसर लपवून ठेवायचा मोह झाला तेव्हाही नाही. त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकू समोर बघत होत्या.

"तीन आहेत," काका म्हणाले. "वाय, बी, एम सगळीकडे तीन दिसतील, पण बेरीज करू नका. तीनच. बाजूची छोटी खिडकी आत्ता उघडली, तिथे जा. पळा."

ती पळाली. काकांनी फोन पालथा घातला.

"अगं," ते म्हणाले, "मी..."

"बरं केलंत," काकू म्हणाल्या. "दुसरं काही म्हणाला असतात तर माप देताना दादाच्या डोळ्यांत बघता आलं नसतं मला." मग थोडं थांबून, "त्या जोडप्याचं मात्र देवाला सांगा आज. बिचारी दोन दिवस डोंगर बघत बसतील."

शेवटच्या गेटवर, सगळे आत गेल्यावर, एका चष्मेवाल्या मुलाने यादी वाचली. मेकॅनिक उठला, सलाम करून आत गेला. मुलाने कॉम्प्युटरकडे पाहिलं, मग या दोघांकडे.

"तुमची नावं जोडीने आहेत. जागा एकच उरलीय. जोडीने असेल तर दोघांनाही थांबावं लागेल. की नावं वेगळी करू?"

आता काकू आजवर एकट्या कुठे गेल्या नव्हत्या. सरकत्या जिन्यावर पाय ठेवायच्या आधी त्या काकांचा दंड इतका घट्ट धरत की वळ उठे. तिकिटं काकांकडे, गोळ्या काकांकडे, पत्ते काकांकडे. काका म्हणायला लागले, "हे बघा, तिला एकटीला सवय..."

"करा वेगळी," काकू म्हणाल्या. "मी जाते."

आणि गेल्या. काका मागून सांगत होते, पट्टा असा लावायचा, कान दुखले तर आवंढा गिळायचा, उतरल्यावर मुलगी फोनवर सांगेल तिथेच थांबायचं. तिसरी सूचना पूर्ण होईपर्यंत काकू बोगद्यासारख्या वाटेच्या वळणावर पोचल्या होत्या. तिथे थांबून त्यांनी हात हलवला, नवऱ्याला नाही, त्या चष्मेवाल्या मुलाला. दोन्ही डबे काकांकडेच राहिले. दोन्ही त्यांनी तिथेच बसून खाल्ले. कुणाच्या वाटचं जेवतोय असं वाटत होतं, पण टाकवेना.

रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल आला. काका, मुलगी आणि जावई एका फोनवर डोकी लावून बसले. दुकान दिसलं. भिंतीवरचे हँगर रिकामे, मशीनवर स्वच्छ फडकं, आणि गळ्यात टेप घातलेले दादा बहिणीला ओरडत होते.

"सरळ उभी राहा. डावा खांदा खाली आलाय तुझा. काय उचलतेस एवढं?"

"संसार."

"मग दुसऱ्या हातात घे जरा. बाही... साडेनऊ. लहानपणी अशीच चुळबुळ करायचीस."

काकू हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या, आणि दादा माप चुकेल म्हणून हात खाली करायला लावत होते. इकडे मुलीने फोन काकांच्या हातात दिला, कारण तिलाही डोळे पुसायचे होते.

कात्री चालल्याचा आवाज आला. मग दादांचा चेहरा पडद्यावर मोठा झाला. "भाऊजी, कापड उरतंय. तुमचा एक शर्ट बसतोय त्यात. मशीन जायला तीन तास आहेत. माप सांगा."

"फोनवर?"

"तुमच्या अंगाला काय आहे, सरळ गोणी. टेप घ्या."

जावयाने टेप आणली. गळा झाला, खांदा झाला, बाही झाली. पोटावर टेप आली तेव्हा काकांनी एक दीर्घ श्वास आत ओढला आणि तो तसाच धरून, बारीक आवाजात म्हणाले, "छत्तीस."

"एकेचाळीस!" तिकडून काकूंचा आवाज आला. त्या पडद्यावर दिसतही नव्हत्या.

"अगं, टेप इथे माझ्या हातात आहे!"

"भांडू नका," दादा म्हणाले. त्यांच्या ओठांत टाचण्या होत्या, तरी हसू दिसलं. "मी बेचाळीस धरून केव्हाच कापलंय. श्वास सोडा आता, भाऊजी."